मुंगी कुठं वळली?

१

आमच्या ग्रंथालयात चोरी झाली आणि चोरानं एकाही पुस्तकाला हात लावला नाही, याचा मला आधी रागच आला. इतकी वर्षं मी जिवापाड जपलेली पुस्तकं, आणि त्या मेल्याला त्यातलं एकही न्यावंसं वाटू नये?

सकाळी मी पुढचं दार उघडलं तेव्हा मागचं दार धाडकन आपटलं. वारा असेल असं वाटलं. आत येऊन पाहते तर माझं टेबल कुणीतरी बाजूला सरकवलेलं, खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवलेली, आणि खुर्चीच्या जागी जमिनीत एक चौकोनी खड्डा. कम्प्युटर जागच्या जागी होता. भिंतीवरचं घड्याळ होतं. गेली होती ती फक्त माझ्या खुर्चीखालची तांबडी फरशी.

खरं सांगायचं तर त्या फरशीशी माझं जुनं वैर होतं. अख्ख्या हॉलमध्ये एकटी तीच डुगडुगायची. मी नोकरीला लागले तेव्हापासून खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून बसत आले आहे. तरीही वैर वेगळं आणि चोरी वेगळी. मी अध्यक्षांना फोन केला, "माझ्या खुर्चीखालची एक फरशी कुणीतरी नेली."

 ते म्हणाले, "पोलीसबिलीस नकोत. परवा सगळाच हॉल उखडायचाय. एका फरशीचं काय घेऊन बसलात?"

मग मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ताईला पाठवतो." माझ्या नवऱ्याकडे कुठल्याही संकटावर हा एकच उपाय असतो.

ताई म्हणजे माझी नणंद, माझ्यासाठी वन्सं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. जळालेली गोदामं, बुडालेल्या बोटी आणि आपोआप फुटलेल्या काचा पाहण्यात त्यांचा जन्म गेला. कुणी खोटं बोललं की त्यांना आधी कळतं आणि राग नंतर येतो. घरात राहायला असा माणूस फार अवघड असतो.

वन्सं आल्या, गुडघ्यांना शिव्या देत खड्ड्याशी बसल्या आणि पर्समधून बॅटरी काढली. खड्डा चारही बाजूंनी उजळून पाहिला.

"झाडू मारलास?"

"अजून नाही."

"तुझ्या आळसाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला." त्यांनी खड्ड्यातल्या कडेवरून बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला करड्या रंगाची ताजी पूड लागली होती. "इथं कुणीतरी सिमेंट खरवडलंय. आज सकाळीच. आणि हे बघ, तळाला ठसा आहे. फरशीच्या पाठीवरच्या चौकटीचा, अगदी लोण्यात उमटल्यासारखा स्वच्छ."

"मग?"

"वहिनी, फरशी चोरणारा माणूस फरशी उचलतो आणि पळतो. तो खड्डा खरवडत कशाला बसेल?"

तेवढ्यात दारातून कुणीतरी किंचाळलं.

२

किंचाळली ती मास्तरांची नात. लॅपटॉपची बॅग खांद्यावरून घसरली तरी तिला शुद्ध नव्हती. ती खड्ड्यासमोर मटकन बसली आणि म्हणाली, "आता संपलंच."

मास्तर कोण आणि फरशीचं एवढं काय, ते सांगायला हवं. हे ग्रंथालय मास्तरांनी उभं केलं. ते गणित शिकवायचे. कम्प्युटर म्हणजे काय हे इथं कुणाला धड माहीत नव्हतं त्या काळात त्यांनी स्वतःची एक प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली आणि तिचं नाव ठेवलं 'मुंगी'. उपयोग काय, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "काही नाही. गंमत." या भाषेतला प्रोग्रॅम कागदावर लिहायचा नसतो, तो फरशांनी मांडायचा असतो. दारातून एक मुंगी आत येते अशी कल्पना करायची. पांढऱ्या फरशीवर ती सरळ चालते. पिवळी आली की एक खडा उचलते. हिरवी आली की जमलेले सगळे खडे खाली ठेवते, आणि जितके खडे तितव्या क्रमांकाचं अक्षर आपण म्हणायचं. तांबडीवर ती उजवीकडे वळते आणि काळीवर डावीकडे. संपले नियम. ते आजही, अक्षरांच्या क्रमवार यादीसकट, दाराशी पाटीवर रंगवलेले आहेत.

या भाषेत जगात एकच प्रोग्रॅम लिहिला गेला, तो म्हणजे आमच्या हॉलची जमीन.

उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या गावासमोर मास्तर अनवाणी पायांनी, खिशात खडे घेऊन, स्वतःच मुंगी होऊन त्या फरशांवरून चालले. मी तेव्हा इथं नव्हते, पण ही गोष्ट मला निदान शंभर जणांनी हसत हसत सांगितली आहे. मास्तरांनी 'या' असं म्हटलं, वळले, आणि फिरून दाराशीच आले. पुन्हा 'या'. पुन्हा दाराशी. या, या, या, या. लोक पोट धरून हसले. तिथून पुढं पोरं त्यांना 'याया मास्तर' म्हणायला लागली. त्यानंतर मास्तर ग्रंथालयात रोज यायचे, पण कडेकडेनं, भिंतीला धरून. फरशीच्या मधून कधी चालले नाहीत.

आता समितीनं ठरवलं की फरशी उखडायची, गालिचा टाकायचा आणि कम्प्युटरची खोली करायची. तेव्हा ही नात शहरातली नोकरी रजेवर टाकून आली. म्हणाली, मी मुंगीचा इंटरप्रिटर लिहिते.

"म्हणजे काय गं?" वन्संनी तिला पाणी देत विचारलं.

"दुभाषा म्हणा ना, आत्या. फरशीला काय म्हणायचंय ते मुंगीच्या भाषेत आहे. कम्प्युटरला ती भाषा येत नाही. मधे बसून एकेक फरशी वाचायची आणि तिच्याप्रमाणे वागायचं, एवढं काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे इंटरप्रिटर. मी प्रत्येक फरशीचा फोटो काढला, रंग भरले, मुंगी चालवली." तिनं डोळे पुसले. "अध्यक्ष म्हणाले होते, फरशी बोलली तर ठेवू, नाही तर उखडू. रविवारी समितीसमोर दाखवलं. माझी मुंगीपण या, या, या, याच म्हणत राहिली."

त्या सभेला मी होते. लोक हसले, तसेच. पहिल्या रांगेत मास्तरांची बायको बसली होती, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो. त्यांनी मान वर केली नाही. मला तेव्हा कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली होती, पण कुणाच्या ते ठरेना.

"मग चूक कुठं होती?" वन्संनी विचारलं.

"माझ्यात. आजोबांची फरशी बरोबरच असणार ना! म्हणून मी इंटरप्रिटर चार वेळा पुसून लिहिला. वळायचे नियम उलटेसुलटे करून पाहिले. आज शेवटचा प्रयत्न करणार होते, तर मूळ प्रोग्रॅममधलंच पान फाडावं तशी ही फरशी गेली."

वन्सं तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत राहिल्या. "फरशी चुकीची असेल, असं तू एकदाही धरलं नाहीस?"

"आजोबांची?" तिनं असं विचारलं की वन्संनी विषयच बदलला. त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "या दाराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

माझ्याकडे, अध्यक्षांकडे, मापं घ्यायला दिलेली कंत्राटदाराकडे, आणि मास्तरांची जुनी, त्यांच्या घरी खिळ्याला. म्हणजे आजी आणि नात.

"चला," वन्सं म्हणाल्या, "आणि एक ऐक. कुणाशीही बोलताना फरशी गेली एवढंच सांगायचं. तिच्याबद्दल जास्त एक शब्द नाही."

३

कंत्राटदार आपल्या गोदामात वाळूच्या ढिगावर उभा राहून फोनवर कुणाला तरी झापत होता. आम्हाला पाहून त्यानं फोन ठेवला.

"एक फरशी? मी नेईन एक फरशी?" तो दुखावला गेला होता, आणि खरंच दुखावला गेला होता. "बाई, अख्खी जमीन परवा माझ्याच ताब्यात येणार आहे. जुन्या फरशांना एका हॉटेलवाल्याचं गिऱ्हाईक बघून ठेवलंय, लपवत नाही. आज एक चोरून मी काय करू?"

"कोपऱ्यातली एखादी उचलून बघितली असशील, निघते का म्हणून," वन्संनी सहज विचारलं.

"बघितली की. निघता निघेना. मास्तरांनी सिमेंटमध्ये अशी बसवलीय की छिन्नी लावली तर फरशी फुटते पण जागा सोडत नाही. गिऱ्हाइकाला मी अजून सांगितलं नाही हे."

"मग ही एक अख्खी कशी निघाली?"

कंत्राटदार डोकं खाजवायला लागला. "ती सिमेंटला धरलेलीच नसणार. ओल्या सिमेंटवर बसवली तर फरशी चिकटते. सुकल्यावर नुसती ठेवली तर डुगडुगते."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे इतक्या वर्षांच्या पुठ्ठ्याच्या घड्या उभ्या राहिल्या.

तिथून आम्ही आजींकडे गेलो. त्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. किल्ली खिळ्याला होती, आणि तिच्यावर धुळीचा थर होता. वन्संनी तो बघितला आणि पुन्हा तिकडे बघितलंही नाही.

"मी नाही नेली बाई," आजी म्हणाल्या. "न्यायचीच असती तर सगळी नेली असती, एक कशाला?"

"मास्तरांनी पुन्हा कधी तपासलं नाही? कुठं चुकलं ते?"

"घरी कागदावर तपासलं ना. कागदावर बरोबर यायचं. मी म्हटलं, मग जा की पुन्हा हॉलमध्ये, दाखवा लोकांना. तर म्हणाले, आता नको. पुढं एकदा तो कागदही त्यांनी स्वतःच फाडून टाकला." त्यांचे हात थांबले. "फरशीत काय लिहिलंय ते मलाही सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, तुला कशाला? तुझ्या घरात तुलाच आमंत्रण देऊ का? शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले, माझं डोकंच कुठंतरी वाकडं असेल. माणूस हुशार होता हो. मला एवढंच वाटतं की जाण्याआधी त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, तुमचं चुकलं नव्हतं म्हणून. आता सांगून तरी काय."

 बाहेर पडल्यावर वन्सं म्हणाल्या, "कागदावर बरोबर आणि जमिनीवर चूक. वहिनी, आमच्या धंद्यात याला काय म्हणतात माहीत आहे?"

"काय?"

"मधे कुणाचा तरी हात लागलाय."

४

अध्यक्षांचं घर नीटनेटकं आहे, ते स्वतःही तसेच आहेत. शर्टाला कधी चुणी नाही. ते मास्तरांचे विद्यार्थी. फरशी बसवायला जी तरुण मुलं राबली त्यांत तेही होते, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

त्यांनी आम्हाला गॅलरीत बसवलं. कठड्याला लागून कुंड्यांची रांग होती, प्रत्येक कुंडीखाली फरशीचा एकेक तुकडा, पाणी जमिनीवर सांडू नये म्हणून. फक्त कोरफडीची कुंडी नुसत्या जमिनीवर होती आणि तिच्याभोवती ओला डाग पसरला होता. मला चटकन वाईट वाटलं, कारण घरी मीही अशीच एखादी कुंडी विसरते.

"सकाळी फिरायला गेला होतात?" वन्संनी विचारलं.

"रोज जातो."

"ग्रंथालयाकडून?"

"कधीकधी. आज नाही." ते चहाच्या कपाकडे बघत बोलत होते. "ताई, तुम्ही अनुभवी आहात, पण हे जरा अतीच होतंय असं नाही वाटत? एका काळ्या फरशीपायी सगळ्यांच्या घरी चौकशी? परवा काम सुरू होईल आणि विषय संपेल."

"तुम्हाला मास्तर आवडायचे का हो?" वन्संनी मधेच विचारलं.

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्यांच्या वर्गाचं दार कधी बंद नसायचं," ते म्हणाले. "उशिरा येणाऱ्याला बाकीचे मास्तर उभं करायचे. हे म्हणायचे, बस, आत्ताच सुरू केलंय. अर्धा तास होऊन गेलेला असला तरी. पण रागावले की मात्र सगळ्यांसमोर रागवायचे."

"तुम्हाला रागावले होते?"

"एकदा. फरशा बसवताना माझी अख्खी ओळ चुकली. सगळी काढायला लावली. म्हणाले, तुला वळायचं कुठं तेच कळत नाही. पोरं महिनाभर मला तेच म्हणत होती." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "जुनी गोष्ट आहे."

 परत आल्यावर ग्रंथालयाच्या पायरीशी थांबून वन्सं म्हणाल्या, "संध्याकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बोलाव. कंत्राटदाराला म्हणावं, छिन्नी घेऊन ये."

"चोर कळला?"

"चोरी झालीच नाही, तर चोर कुठून कळणार?" असं म्हणून त्या पाय ओढत आत गेल्या. अशा वेळी ही बाई माझ्या नवऱ्याची बहीण आहे हे मला प्रयत्नपूर्वक आठवावं लागतं.

५

संध्याकाळचं ऊन खिडक्यांतून फरशीवर पसरलं होतं तेव्हा सगळे जमले. आजींना मी हाताला धरून आणलं. कंत्राटदार दाराशी टेकून उभा राहिला. अध्यक्ष सगळ्यांत मागं बसले. नात लॅपटॉप मांडीवर घेऊन खड्ड्याशेजारीच बसली होती.

"पोरी," वन्संनी सुरुवात केली, "या हॉलमध्ये शेकडो फरशा आहेत. एखादी चुकीची असेल तर कुठली ते शोधायला किती वेळ लागेल?"

"खूप नाही, पण मी तसं कधी..."

"आज कुणीतरी तुला बोट ठेवून दाखवलंय. या खड्ड्यात तांबडी नाही असं समज. दुसरे रंग घालून मुंगी सोड."

नातीनं पांढरा भरला. मुंगी 'या' म्हणून सरळ गेली आणि भिंतीला जाऊन थडकली. पिवळा भरला, तेच झालं. हिरव्यानंही भिंतच गाठली. मग तिनं काळा भरला. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. पडद्यावरचा तो छोटा ठिपका आत आला, 'या' म्हणाला, खड्ड्यापाशी पोचला आणि डावीकडे वळला. तिकडे तो त्याआधी कधीच गेला नव्हता. पिवळ्या फरशांवरून खडे गोळा करत हॉलच्या मधोमध निघाला. 'या'च्या पुढं आणखी दोन अक्षरं उमटली. बसा.

नात तोंडावर हात धरून रडायला लागली. "माझा इंटरप्रिटर बरोबर होता! पहिल्या दिवसापासून बरोबर होता! आजोबापण बरोबर होते!"

वन्संनी हलकेच लॅपटॉप मिटला. "थांब. फरशी बोलली तर ठेवू, अशी अट होती. उरलेलं फरशीच्याच तोंडून ऐकू."

मग त्या आमच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "मी आयुष्यभर नुकसान बघत आले. पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायचा, नुकसान कुणाचं झालं? या चोरीत कुणाचंच झालं नाही. म्हणून मी खड्ड्याला विचारलं. खड्ड्याच्या तळाला एका फरशीचा ठसा आहे, म्हणजे सिमेंट ओलं असताना तिथं एक फरशी बसवली आणि ओलं असतानाच उचलली. तिच्या जागी मग जी आली ती सिमेंट सुकल्यावर आली, म्हणून जन्मभर डुगडुगली. म्हणजे अदलाबदल आजची नाही. ती उद्घाटनाच्या आधीच झाली. इथं काळी फरशी होती. कुणीतरी ती काढून तांबडी ठेवली, आणि मास्तरांची मुंगी आयुष्यभर चुकीच्या बाजूला वळत राहिली."

आजींनी मान वर केली होती.

"आज सकाळी ते कुणीतरी परत आलं. तांबडी काढली आणि खड्डा खरवडायला लागलं. खड्डा कोण खरवडतं? ज्याला तिथं काहीतरी बसवायचंय तो. जुनी काळी फरशी त्यानं इतकी वर्षं सांभाळून ठेवली होती, पण तिच्या पाठीवर तेव्हाचं सिमेंट सुकून दगड झालेलं. ती बसेना. तेवढ्यात वहिनीनं पुढचं दार उघडलं आणि तो मागच्या दारानं गेला."

"कोण?" कंत्राटदारानं विचारलं.

"आम्ही कुणालाही फरशीचा रंग सांगितला नव्हता. गेली ती तांबडी. पण आज एका माणसानं माझ्याशी बोलताना तिला काळी म्हटलं. त्याच्या मनात ती जागा काळ्या फरशीचीच होती. त्याच्या घरी एका कुंडीखालची फरशीही सकाळपासून जागेवर नाही." वन्सं खुर्चीवर बसल्या. "कंपनीत मी नाव लिहायचे, ते माझं काम होतं. इथं लिहिणार नाही. कंत्राटदारांनी छिन्नी आणलीय. ज्याची फरशी असेल त्यानं घेऊन यावी."

 मग मागची खुर्ची करकरली. अध्यक्ष उठले आणि बाहेर निघून गेले.

६

ते गेले ते परत येणार नाहीत अशी माझी खात्री होती. मी तसं वन्संच्या कानात म्हणालेही. त्या म्हणाल्या, "गप्प बस."

ते परत आले. हातात कापडी पिशवी होती. त्यांनी ती आजींच्या पायाशी ठेवली आणि तिथंच खाली बसले, चुणी न पडलेल्या शर्टासकट. पिशवीतली काळी फरशी कोरफडीच्या पाण्यानं पांढुरकी झाली होती.

"दुसऱ्याच दिवशी परत बसवणार होतो," ते म्हणाले. "त्यांची थोडी फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. पण लोक इतके हसले की माझी हिंमतच झाली नाही. मग ते भिंतीला धरून चालायला लागले. मग दर वर्षी वाटायचं, आता सांगितलं तर लोक म्हणतील, इतके दिवस कुठं होतास? फरशीच गेली तर माझ्यामागचं सगळं जाईल असं वाटलं, म्हणून उखडायचा ठराव मीच आणला. पण रविवारी पोरीला सगळे हसले आणि तुम्ही मान खाली घातलीत..." 

आजींनी वाकून फरशीवर हात ठेवला. नात रागानं लाल झाली होती. मीही झाले होते, आणि का होऊ नये? एका माणसाचं अख्खं उरलेलं आयुष्य भिंतीकडेनं गेलं होतं.

"बसवा ती," आजी कंत्राटदाराला म्हणाल्या.

कंत्राटदारानं इतक्या हळुवार हातानं छिन्नी चालवली की तो फरशांचा सौदा करून बसलाय हे मी विसरले. सिमेंटचा पापुद्रा निघाला, वाळू पसरली, काळी फरशी आपल्या ठशावर जाऊन बसली. मी पाय देऊन पाहिलं. हलली नाही.

"आता मुंगी कोण होणार?" वन्संनी विचारलं.

नात उठायला लागली, पण आजींनी तिला थांबवलं आणि अध्यक्षांकडे बोट दाखवलं. "हा. चपला काढ रे."

बाहेरच्या कुंडीतले खडे मी ओंजळीनं आणून पिवळ्या फरशांवर मांडले. अध्यक्ष दाराबाहेर गेले आणि अनवाणी आत आले. 'या' झालं. ते काळ्या फरशीवर पोचले, थबकले, आणि डावीकडे वळले. पिवळी आली की वाकून खडा उचलायचे, हिरवीवर ओंजळ रिकामी करायचे. नात खडे मोजायची, पाटीवर बघायची आणि अक्षर मोठ्यानं म्हणायची. ब. सा. कंत्राटदार दार सोडून पुढं आला होता. रस्त्यावरची माणसं खिडकीशी थांबली होती, त्यांतली काही उद्घाटनाच्या दिवशीही होती, पण हसत कुणी नव्हतं. पुढचं अक्षर आलं, उ. मग शी. मग र. अध्यक्ष घामाघूम झाले होते. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ते शेवटच्या हिरव्या फरशीवर, आजींच्या खुर्चीसमोर पोचले, आणि नातीनं शेवटचं अक्षर म्हटलं.

मग तिनं सगळं एकत्र वाचून दाखवलं.

'या, बसा. उशीर झाला तरी चालेल.'

 अध्यक्ष मोकळी ओंजळ घेऊन तसेच उभे होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. वर्गाचं उघडं दार त्यांना आठवत असणार. मला तर न पाहताच आठवत होतं.

आजींनी शेजारची खुर्ची थोडी मागं ओढली.

"ऐकलंस ना त्यांनी काय म्हटलं ते?" त्या म्हणाल्या. "बस मग."

ते बसले. नातीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण उठूनही गेली नाही. कंत्राटदारानं फोन काढून हॉटेलवाल्याला कळवलं की फरशा मिळणार नाहीत. खिडकीतल्या माणसांपैकी एकानं आत येऊ का असं विचारलं, आणि नातीनं त्याला दारातून, पहिल्या फरशीपासून यायला सांगितलं.

मी माझी खुर्ची जागेवर ठेवली आणि पुठ्ठ्याची घडी केराच्या टोपलीत टाकली. बसल्यावर समोरच माझी लाडकी पाटी दिसली, 'पुस्तक उशिरा परत करणाऱ्यास दंड होईल'. मी स्वतः रंगवून घेतलेली. इतकी वर्षं मी त्या फरशीवर बसून लोकांना उशिराबद्दल झापत होते, आणि तिचं बोलणं तिथंच अडलं होतं. वन्सं पाटीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघायला लागल्या. शपथेवर सांगते, त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि पाटी उतरवली.